फोनची बदली बॅटरी घेतल्यावर ती खरोखर किती भरते, हे तुम्ही तपासता का? कसं?

गोदाकाठ

आईचा फोन २०१९ चा आहे. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'ती कंपनी चांगली की वाईट' यावर जाईल. पडदा शाबूत आहे, आईला त्याची सवय आहे, बदलायचं काही कारण नाही. फक्त बॅटरी थकली आहे. पंचवीस टक्के दिसत असताना व्हिडिओ कॉल लावला की फोन बंद पडतो. कंपनीची मूळ बॅटरी आता कुठेच मिळत नाही, म्हणून बाजारातल्या दोन बदली बॅटऱ्या मागवल्या आणि फोनमध्ये कायमची चिकटवण्याआधी दोन्ही मोजल्या.

मूळ बॅटरीच्या लेबलवर ३९००/४००० एमएएच, ३.८५ व्होल्ट आणि चार्जची मर्यादा ४.४ व्होल्ट असं छापलं आहे. पहिला आकडा किमान, दुसरा ठरावीक.

अ बॅटरी: ऑनलाइन, ६४९ रुपये. लेबलवर '५००० एमएएच हाय कपॅसिटी'. आकार मूळ बॅटरीएवढाच.
ब बॅटरी: मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका ठोक विक्रेत्याकडून, ९५० रुपये. लेबलवर मूळचेच आकडे.

मी केलं ते असं. प्रत्येक बॅटरी फोनमध्ये लावून पूर्ण चार्ज केली, मग काढून इलेक्ट्रॉनिक लोडवर (बॅटरीतून ठरवलेला प्रवाह ओढून मोजणारं यंत्र) ८०० मिलिअँपिअरने ३ व्होल्टपर्यंत रिकामी केली. निघाले ते आकडे:

जुनी मूळ: २६९० एमएएच
अ: २८८० एमएएच
ब: ३७१० एमएएच

म्हणजे ५००० लिहिलेल्या बॅटरीत आईच्या सात वर्षं वापरलेल्या बॅटरीपेक्षा जेमतेम दोनशे जास्त! माझं मत असं झालं आहे की बदली बॅटरीवर छापलेला आकडा मोजल्याशिवाय मानूच नये, आणि मोजायचं ते परत करायची मुदत संपायच्या आत. तुम्ही कसं तपासता? माझ्यासारखा लोड ज्यांच्याकडे नाही त्यांनी काय करावं? आणि या मोजणीत मी काही सोडलं आहे का?

तिखटमीठ

५००० हा त्या बॅटरीचा अनुक्रमांक असेल हो, तुम्ही उगाच एमएएच समजलात. :)

बोरिवली_फास्ट

लोडबिड कशाला? अ‍ॅक्युबॅटरी अ‍ॅप टाका, फोन वीस टक्क्यांच्या खाली येऊ द्या, मग शंभरपर्यंत चार्ज करा. अंदाजे क्षमता आणि मूळच्या तुलनेत टक्केवारी दोन्ही दाखवतं. मी माझ्या आणि बायकोच्या फोनवर वापरतो. फुकट आहे आणि फोन उघडावा लागत नाही.

सांगलीचा_मोबाईलवाला

गोदाकाठ, तुम्ही केलंय ते बरोबर आहे. दुकानाच्या बाजूने लिहितो, कारण माझं रोजचं काम हेच.

बाजारात तीन-चार प्रकारचा माल असतो. एक 'सर्व्हिस पॅक', म्हणजे कंपनीच्या सुट्या भागांच्या साखळीतून आलेली. ही जुन्या मॉडेलला मिळणं अवघड. दुसरी 'पुल', म्हणजे मोडक्या फोनमधून काढलेली ओरिजनल. हिच्यावर विश्वास ठेवू नका, ती तुमच्या आईच्या बॅटरीइतकीच म्हातारी असते, वरचं प्लॅस्टिक तेवढं नवीन. तिसरी चांगल्या कारखान्याची कॉपी, जिच्यावर कारखान्याचं स्वतःचं नाव असतं. चौथी म्हणजे फोनच्या कंपनीचंच नाव छापलेली कॉपी. मी तिसरी घेतो. जो स्वतःचं नाव लावतो त्याला उद्या परत तोंड दाखवायचं असतं.

दुकानात एकेका बॅटरीला पाच तास द्यायला वेळ नसतो. मी तीन गोष्टी बघतो.

पहिलं वजन. सोनाराचा छोटा काटा ठेवलाय. चार हजारची बॅटरी साधारण ५५ ते ६० ग्रॅमच्या घरात असते. ४५ भरली तर आत माल कमी आहे, लेबलवर काहीही छापा.

दुसरं, आल्या आल्या व्होल्टेज. ३.७ ते ३.८५ च्या आसपास पाहिजे. ३.३ वगैरे दाखवत असेल तर ती गोदामात लय दिवस पडून होती. अडीचच्या खाली असेल तर चार्जच करायची नाही, सरळ परत.

तिसरं, अ‍ॅक्टिव्हेशन बोर्डवर (सुटी बॅटरी फोनशिवाय जोडून चार्ज करायची पट्टी) लावून चार्ज किती घेते ते बघायचं, आणि हाताला गरम लागते का तेही.

गिऱ्हाईक काय म्हणतं ते पण सांगतो. 'शेजारच्या दुकानात साडेचारशेला मिळते.' मिळते ना. सहा महिन्यांनी बॅटरी फुगून पडदा वर उचलला की तोच माणूस माझ्याकडे येतो.

गोदाकाठ

@सांगलीचा_मोबाईलवाला, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवल्या. जुनी मूळ ५८ ग्रॅम, ब ५७, अ ४६. पाच तासांच्या मोजणीने सांगितलं तेच काट्याने लगेच सांगितलं.

सोनटक्का

चाकणला एका बॅटरी पॅकच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे हा धागा वाचून राहवलं नाही.

सर्वात आधी: तुम्ही फोनमध्येच चार्ज केलंत हे उत्तम केलंत. बरेच जण खेळण्यातल्या विमानांसाठी मिळणाऱ्या हॉबी चार्जरवर मोजतात. तो चार्जर लायपो (लिथियम पॉलिमर) मोडमध्ये ४.२ व्होल्टला थांबतो. ४.४ व्होल्टची सेल ४.२ पर्यंतच भरली तर क्षमता पंधरा-वीस टक्के कमी दिसते आणि चांगल्या बॅटरीवर खोटा आळ येतो. कोणी आकडा दिला की पहिला प्रश्न विचारायचा, 'किती व्होल्टपर्यंत भरली होती?'

दुसरं, आणि मला सर्वात महत्त्वाचं वाटणारं: अ बॅटरीच्या लेबलवर चार्ज मर्यादा किती छापली आहे ते बघा. ३.७ व्होल्ट आणि ४.२ असं लिहिलं असेल तर ती तुमच्या फोनची नाहीच. फोन तिला ४.४ पर्यंत ढकलणार. अशा जादा व्होल्टेजवर धन ध्रुवाचं रसायन आणि आतला द्राव दोन्ही झपाट्याने खराब होतात, वायू तयार होतो आणि बॅटरी फुगते. 'कॉपी लवकर फुगते' असं सगळे म्हणतात, त्यामागचं एक मोठं कारण हे.

तिसरं, क्षमता ही अर्धीच गोष्ट. तुमच्या आईचा फोन पंचवीस टक्क्यांवर बंद पडतो तो क्षमता कमी झाली म्हणून नाही, आतला रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, वाढला म्हणून. व्हिडिओ कॉल लागला की फोन एकदम जास्त प्रवाह ओढतो, व्होल्टेज खाली कोसळतं आणि फोन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. तुमच्याकडे लोड आहे तर हेही मोजा. अर्ध्या चार्जवर आधी ०.२ अँपिअर ओढा आणि व्होल्टेज लिहा, मग १ अँपिअर ओढा, दहा सेकंदांनी परत लिहा. दोन व्होल्टेजमधल्या फरकाला ०.८ ने भागा.

बोरिवली_फास्ट, अ‍ॅप वाईट नाही, पण ते स्वतः काहीच मोजत नाही. फोनमधला मापक जो प्रवाह सांगतो त्याची ते बेरीज करतं आणि फोनने दाखवलेल्या टक्क्यांशी जोडतं. बदली बॅटरी लावल्यावर काही दिवस ते टक्केच जुन्या बॅटरीच्या हिशोबाने चाललेले असतात. पहिल्या एक-दोन चार्जचे आकडे धरू नका, नंतरच्या पूर्ण चार्जची सरासरी बघा.

तिखटमीठ

सोनटक्काताई, हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला आहे.

पाटीपेन्सिल

मला एक कळत नाही. सात वर्षांचा फोन, त्याला ९५० ची बॅटरी, वर परत न केलेली ६४९ ची, वर लोड आणि मीटर. सात-आठ हजारांत नवा फोन येतो. सुरक्षिततेचे अपडेट बंद झालेल्या फोनवर एवढा जीव का काढायचा?

गोदाकाठ

पाटीपेन्सिल, अपडेटचा मुद्दा मान्य. आईच्या या फोनवर बँकेचं काहीही नाही, यूपीआय नाही. कॉल, व्हॉट्सअ‍ॅप आणि भजनं, एवढंच. पण सत्तरीच्या माणसाला नव्या फोनवर प्रत्येक गोष्ट कुठे गेली हे परत शिकवायचं म्हणजे काय, ते घरात असलेल्यालाच कळतं. आणि लोड मी आधीपासून सौर दिव्यांच्या बॅटऱ्यांसाठी वापरतो, यासाठी घेतलेला नाही.

सोनटक्का, तुम्ही सांगितलं तसं मोजलं.

जुनी मूळ: ३.७८ वरून ३.६३, म्हणजे साधारण १९० मिलिओहम
अ: ३.८० वरून ३.६२, म्हणजे २२५
ब: ३.८१ वरून ३.७३, म्हणजे १००

अ बॅटरी कोरी असून आईच्या जुन्या बॅटरीपेक्षा वाईट! आणि लेबल भिंगाने वाचलं. ३.७ व्होल्ट आणि ४.२ असंच छापलं आहे. तुमचा तर्क बरोबर ठरला.

सोनटक्का

यात अ‍ॅक्टिव्हेशन बोर्डच्या आणि वायरच्या रोधाची भर असणार. व्होल्टेज वेगळ्या दोन तारांनी थेट बॅटरीच्या टोकांवरून घेतलं तर खरा आकडा आणखी कमी येईल. पण तिन्ही बॅटऱ्या एकाच जोडणीवर मोजल्या आहेत, त्यामुळे तुलना पक्की आहे.

आणखी एक बघा. अ बॅटरी फोनमध्ये ४.४ ला पोचली होती का, की चार्ज अचानक थांबला? ४.२ च्या सेलला लावायच्या साध्या संरक्षक सर्किटची तोडमर्यादा ४.३ व्होल्टच्या आसपास असते. ते असेल तर फोनला शंभर टक्के कधीच गाठता येत नाहीत, चार्ज मध्येच तुटतो. आणि विनातक्रार ४.४ पर्यंत गेली असेल तर विक्रेत्याने सर्किट वरच्या मर्यादेचं लावलं आहे आणि सेल खालच्या मर्यादेची. हे जास्त धोक्याचं.

गोदाकाठ

४.३८ पर्यंत गेली होती. शंभर टक्के दाखवत होती.

सोनटक्का

मग ती परत फोनमध्ये घालू नका. परत पाठवताना चार्ज तीस टक्क्यांच्या आसपास आणा आणि संपर्कबिंदूंना टेप लावा. विमानाने सुटी लिथियम आयन बॅटरी मालवाहू म्हणून जाते तेव्हाही तीस टक्क्यांच्या वर चार्ज ठेवता येत नाही, एप्रिल २०१६ पासून तसा नियम आहे. नवी बॅटरी बहुतेक वेळा अर्ध्याहून कमी भरलेली का येते, त्याचं हे एक कारण.

वऱ्हाडी_पाहुणा

राजेहो, तुमी पुण्या-नाशकातले लोक ८०० मिलिअँपिअर मोजून राह्यले, इकडे नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जाते. फोन गाडीच्या डॅशबोर्डवर मॅप लावून चार्जिंगला. इथं कोणतीबी बॅटरी असो, दोन उन्हाळ्यात तिचा जीव जाते. मी तर आता गाडीत एसीच्या जाळीसमोर होल्डर लावला अन् चार्ज ऐंशीवर थांबवाची सेटिंग चालू केली. बॅटरी तपासा जरूर, पण लावल्यावर तिले उन्हात नका भाजू.

सोनटक्का

शंभर टक्के अनुमोदन. उष्णता आणि पूर्ण भरलेली अवस्था एकत्र आली की बॅटरी सर्वात वेगाने म्हातारी होते. ऐंशीवर थांबवणं ही सर्वात स्वस्त काळजी.

आजोळ

थोडं अवांतर. हा धागा वाचून नोकियाच्या बीएल-५सी ची आठवण झाली. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने सूचना काढली होती की मात्सुशिताने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या बीएल-५सी बॅटऱ्या चार्ज होताना जास्त तापू शकतात. जगभरात ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या होत्या त्या. आमच्या ऑफिसात दुपारी सगळ्यांनी फोनची मागची झाकणं उघडून क्रमांक वाचायला सुरुवात केली. कुणी चष्मा शोधतंय, कुणी दुसऱ्याकडून आकडे वाचून घेतंय.

गंमत पुढे आहे. त्यातल्या बऱ्याच जणांच्या फोनमधली बॅटरी मुळात नोकियाची नव्हतीच. फुटपाथवरची सत्तर-ऐंशी रुपयांची होती. नोकियाने होलोग्राम आणि खरवडून बघायचा वीस आकडी कोड लावायला सुरुवात केली होती, पण तो बघायचा कोण?

सांगलीचा_मोबाईलवाला

बीएल-५सी अजून खपते काका! आता ती फोनपेक्षा भजनाच्या पेटीत आणि एफएम स्पीकरमध्ये जास्त जाते. बाजारात तीनशे एमएएचची पण बीएल-५सी आहे, वर १०२० लिहिलेलं.

कट्टा_कोथरूड

लोड नसलेल्यांचा प्रश्न मागे पडला म्हणून लिहितो. माझ्याकडे साधा यूएसबी मीटर आहे, चार्जर आणि केबलच्या मध्ये लावायचा. तीन-चारशे रुपयांत मिळतो. फोन बंद पडेपर्यंत वापरायचा, मग बंद ठेवूनच चार्ज करायचा आणि मीटरवरचे वॉट-अवर वाचायचे.

इथे एमएएच वाचू नका. मीटर ५ व्होल्टवर मोजतो, बॅटरी ३.८५ ची असते. फास्ट चार्जिंगमध्ये तर फोन मध्येच ९ व्होल्ट मागतो, मग एमएएचला काही अर्थच राहत नाही. म्हणून वॉट-अवरच धरायचे. गोदाकाठांच्या मूळ बॅटरीचा हिशोब केला तर ४ गुणिले ३.८५ म्हणजे १५.४ वॉट-अवर. चार्ज करताना साधारण पंधरा टक्के उष्णतेत जातात असं धरलं तर मीटरवर १८ च्या आसपास दिसायला हवेत. १२-१३ दिसले तर लेबल खोटं. अचूक आकडा मिळणार नाही, पण ५००० आणि २८८० मधला फरक नक्की पकडता येतो.

बोरिवली_फास्ट

हे पटलं. आणि माझ्या अ‍ॅपच्या बाजूनेही सांगतो, बायकोच्या फोनवर या पद्धतीने काढलेला आकडा आणि अ‍ॅपचा आकडा यात फार अंतर निघालं नाही. तिची बॅटरी बदललेली नाही, हे मात्र सोनटक्का म्हणतात तसं कारण असू शकेल.

निरीक्षक

सगळे क्षमतेच्या मागे लागले आहेत म्हणून एक विरोधी सूर लावतो. घरी मोजलेली क्षमता चांगली आली म्हणजे बॅटरी सुरक्षित, असं अजिबात नाही.

२०१६ चा गॅलेक्सी नोट ७ आठवा. पहिल्या पुरवठादाराच्या बॅटऱ्यांत इलेक्ट्रोड वरच्या कोपऱ्यात दबले गेले होते. फोन परत मागवून दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटऱ्या घातल्या, तर त्यांत वेल्डिंगचे कंगोरे वर आलेले निघाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये फोनच बंद करावा लागला. कारण शोधायला सॅमसंगने २ लाखांहून अधिक फोन आणि ३० हजारांहून अधिक बॅटऱ्या तपासल्या आणि जानेवारी २०१७ मध्ये निष्कर्ष मांडले. त्या बॅटऱ्यांची क्षमता कुणी घरी मोजली असती तर ती चोख भरली असती. एवढ्या मोठ्या कंपनीच्या नजरेतून जे सुटलं ते आपल्या टेबलावरच्या लोडने दिसणार नाही.

म्हणून माझा क्रम वेगळा आहे. आधी लेबलवर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरो) खूण आणि 'आर-' ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक शोधतो. लिथियम बॅटरीला आयएस १६०४६ भाग २ प्रमाणे नोंदणी सक्तीची आहे. मग बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकतो. कारखान्याचं आणि ब्रँडचं नाव येतं, ते लेबलशी जुळतं का बघतो. न जुळल्यास क्षमता मोजायच्या भानगडीत पडत नाही.

सोनटक्का

निरीक्षक, तुमचं म्हणणं मान्य आहे, पण क्रम उलटा लावू नका, दोन्ही करा. नोंदणीचा क्रमांक कुणीही छापू शकतं. अ‍ॅपमध्ये नाव जुळलं तरी हातातली बॅटरी त्याच कारखान्यातली आहे याची खात्री होत नाही. वजन आणि रोध यांची नक्कल करणं जास्त कठीण.

सुरक्षिततेची एक गोष्ट घरी तपासता येते. बऱ्याच बॅटऱ्यांच्या पट्टीवर तापमान कळवणारा थर्मिस्टर असतो. तापमान वाढलं की त्याचा रोध कमी होतो आणि फोन चार्ज मंद करतो. फार स्वस्त मालात खर्च वाचवायला तिथे साधा स्थिर रोध लावलेला सापडतो. मग बॅटरी कितीही तापली तरी फोनला ती कायम पंचवीस अंशावरच दिसते. तपासायला मल्टीमीटर पुरतो: अ‍ॅक्टिव्हेशन बोर्डवर तापमानाची पिन आणि ऋण टोक यांमधला रोध वाचा, मग बॅटरीचा तो भाग दोन मिनिटं तळहातात धरा. आकडा हळूहळू घटला पाहिजे. प्रोब सरकून दोन टोकं जुळू देऊ नका. हे हात स्थिर असणाऱ्यांनीच करा, किंवा दुकानात करून घ्या.

फोन न उघडताही अंदाज येतो. चार्जिंग चालू असताना तापमान दाखवणारं अ‍ॅप उघडा. अर्धा तास आकडा दशांशानेही हलत नसेल तर शंका घ्या.

सांगलीचा_मोबाईलवाला

हे मी आजपासून दुकानात सुरू करतोय. इतकी वर्षं हात लावून बघत होतो.

ठाणे_पूर्व

आयफोनवाल्यांनी काय करायचं? माझ्या एक्सआर ची बॅटरी बाहेर बदलली. आता सेटिंगमध्ये बॅटरीची खातरजमा होत नाही असा संदेश येतो. दुकानदार म्हणाला, 'आणखी पाचशे द्या, संदेश घालवतो आणि हेल्थ शंभर दाखवतो.'

सांगलीचा_मोबाईलवाला

आयफोनमध्ये मापकाची चिप बॅटरीच्याच पट्टीवर असते. बहुतेक अँड्रॉइडमध्ये ती फोनच्या बोर्डवर असते. म्हणून आयफोनच्या बॅटरीला 'हेल्थ शंभर, चक्रं (पूर्ण चार्जच्या फेऱ्या) शून्य' असं यंत्राने लिहिता येतं. एक्सएस, एक्सआर पासून पुढे फोन त्या चिपची ओळख तपासतो, ती जुळली नाही की संदेश. काही जण जुन्या बॅटरीची पट्टी काढून नव्या सेलला जोडतात, म्हणजे संदेश येत नाही. जोडकाम चांगलं असेल तर चालतं, पण ते कुणी केलंय आणि कसं केलंय हे तुम्हाला दिसत नाही.

पाचशे देऊ नका. शंभर आकडा लिहिल्याने बॅटरी शंभर होत नाही. तुम्हीसुद्धा कट्टा_कोथरूड यांच्या मीटरनेच मोजा. संदेश दिसला तरी फोन चालतो.

मुक्काम_श्टुटगार्ट

युरोपातून एक माहिती. २० जून २०२५ पासून इथे विकायला येणाऱ्या नव्या स्मार्टफोनला नियम लागू झालेत: ८०० चक्रांनंतर बॅटरीत किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे, आणि मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. शिवाय १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशी असायला हवी. खूप टिकाऊ आणि पाण्यात टिकणाऱ्या फोनला काही सवलती आहेत. गोदाकाठांची मूळ अडचण, म्हणजे चांगल्या फोनला बॅटरीच न मिळणं, इथे नियमानेच सोडवायला घेतली आहे. भारतात असं काही आहे का?

निरीक्षक

ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलं. कंपन्यांची दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती तिथे एकत्र मिळते. पण सात वर्षं भाग ठेवाच, अशी सक्ती त्यात नाही. ती हवी, असं माझं ठाम मत आहे. बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे, ती मिळत नसेल तर फोन विकतानाच त्याची मुदत छापा.

आणि गोदाकाठ, विक्रेत्याने अ बॅटरी परत घ्यायला खळखळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. छापील क्षमता आणि मोजलेली क्षमता यांचे फोटो जोडा.

विज्ञानवेडा_नगर

एक शंका. हल्ली सिलिकॉन-कार्बनच्या बॅटऱ्या आल्यात, त्याच जाडीत सहा-सात हजार एमएएच देतात. मग अ बॅटरी खरोखर ५००० ची असणं अशक्य का म्हणायचं?

सोनटक्का

तत्त्वतः अशक्य नाही, या बाजारात अशक्य. त्या बॅटऱ्यांचा ऋण ध्रुव वेगळा, रिकामी होतानाचं व्होल्टेज वेगळं, त्यामुळे फोनचं चार्जिंग आणि मापकही त्यानुसार बनवलेलं असतं. २०१९ च्या मॉडेलसाठी कुणी ६४९ रुपयांत ते करत बसणार नाही. शिवाय वजन. जास्त ऊर्जा आणि बारा ग्रॅम कमी, हे गणित त्याही रसायनात बसत नाही.

पाटीपेन्सिल

इतकं वाचल्यावर माझ्या जुन्या टॅबची बॅटरी बदलायचा विचार करतोय. सांगलीकर, उघडताना काय काळजी घ्यायची?

सांगलीचा_मोबाईलवाला

आधी पंचवीस टक्क्यांच्या खाली उतरवा, मग उघडा. भरलेली बॅटरी चुकून टोचली गेली तर आग मोठी लागते. गोंद सुटत नसेल तर कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार थेंब सोडा, थांबा, आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनेच उचला. स्टीलचं काही घालू नका. फुगलेली असेल तर स्वतः हात लावू नका, दुकानात न्या. आणि नवी बॅटरी बसताना दाबावी लागत असेल तर ती त्या टॅबची नाही.

गोदाकाठ

अ परत गेली. विक्रेत्याने सुरुवातीला 'काही दिवस वापरा, क्षमता आपोआप वाढेल' असं उत्तर दिलं. काट्याचा, लोडचा आणि लेबलचा असे तिन्ही फोटो पाठवल्यावर पैसे परत आले.

ब वरचा नोंदणी क्रमांक बीआयएस केअरमध्ये टाकला, कारखान्याचं नाव जुळलं. थर्मिस्टरही खरा निघाला, हातात धरल्यावर आकडा घसरत गेला. ती आईच्या फोनमध्ये बसवली आहे. काल तिने मावशीशी तासभर व्हिडिओ कॉल केला, फोन बंद पडला नाही. ३९०० छापलेल्या बॅटरीने ३७१० दिले, म्हणजे पाच टक्के कमी. ते मी मान्य करतो, कारण रोध चांगला आहे आणि मर्यादा ४.४ ची आहे. माझ्या दृष्टीने आता क्रम असा: लेबलवरची चार्ज मर्यादा, वजन, रोध, थर्मिस्टर आणि मग क्षमता. धागा सुरू केला तेव्हा मी फक्त शेवटची गोष्ट बघत होतो, बाकीचं इथे कळलं. दिवाळीनंतर ब परत बाहेर काढून मोजणार आणि आकडे इथेच टाकणार.

एक राहिलं. जुनी मूळ बॅटरी घरात पडून आहे. ती कुठे द्यायची?

सोनटक्का

घंटागाडीत नको. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की पेट घेते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी उत्पादकावर आहे, त्यामुळे फोन कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारा. तोवर संपर्कबिंदूंवर टेप लावून, वीस-तीस टक्के चार्जवर, उन्हापासून दूर ठेवा.

सांगलीचा_मोबाईलवाला

सांगली-मिरजेत कुणाकडे पडून असतील तर माझ्याकडे आणून द्या. मी भंगारवाल्याला देत नाही, वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात वेगळ्या ठेवतो आणि ई-कचरा नेणारी गाडी येते तेव्हा देतो. फुगलेली असेल तर आणताना आधी सांगा, ती मी दुकानाच्या आत घेत नाही, बाहेरच उतरवून घेतो.